नाव नसलेलं पॅकेज

आठवीत शाळा सोडली आणि पुढं काही वर्षांनी गोंदियाकडून तेरखेड्याला आलो, फटाक्यांच्या कारखान्यात वाती वळायला. आज त्याच कारखान्याची वेबसाइट तपासायचं काम माझ्याकडं आहे. ते मला चांगलं येतं, हे सांगायला मी लाजत नाही.

लग्नात, उरुसात शोभेचं दारूकाम करून द्यायचा मालकांचा धंदा. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. फोनवर तारखांचा घोळ व्हायचा, म्हणून त्यांच्या सुनेनं वेबसाइट बनवली. भाभी कॉम्प्युटर शिकलेल्या. माझा हात भाजला आणि वाती वळणं बंद झालं, तेव्हा चाचांनी मला गावी धाडलं नाही. भाभींच्या शेजारी खुर्ची दिली.

चुका शोधायच्या तर मी वेबसाइटवरचा बुकिंगचा फॉर्म शहाण्यासारखा भरत नाही. नवरीच्या मामासारखा भरतो: घाईत, अर्धवट, गावाच्या जागी फोन नंबर टाकून.

"एवढं येडं गिऱ्हाईक कुठं असतंय, पाहुणे?" भाभी म्हणायच्या. मी इथला कितीही जुना झालो तरी त्यांच्या लेखी पाहुणाच. पण असं गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात जळकोटहून आलं.

एकदा दिसलं, की तारीख मराठी आकड्यांत लिहिली तर वेबसाइट गप्प बसते. भाभी बाहेर गेल्या होत्या. मी एआयला विचारलं. त्यानं एका तयार पॅकेजचं, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून नेटवर ठेवलेल्या कोडचं, नाव आणि एका ओळीची आज्ञा दिली. ती चिकटवून एंटर दाबलं. मराठी आकडे चालू झाले. लई बरं वाटलं.

मग वही उघडली. कारखान्यात कच्च्या मालाचं पोतं आलं की त्यावर खडूनं विकणाऱ्याचं नाव लिहितात. नाव नसेल तर पोतं आत येत नाही, बाहेर लिंबाखाली पडून राहतं. आतल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. भाभींनी वेबसाइटच्या वहीतही तसाच रकाना आखला होता: 'कुणाकडून'. तो भरायला मी पॅकेजचं पान उघडलं. बनवणाऱ्याचं नाव नाही. नेटवर टाकून नऊच दिवस झालेले. पुन्हा एआयला विचारलं. आधी तो एका मोठ्या संस्थेचं नाव सांगत होता, जरा खोदून विचारल्यावर माफी मागून म्हणाला, नाव अंदाजानं सांगितलं होतं, असं पॅकेज खरंच आहे याची खात्री नव्हती.

पोतं मी आत आणून मग नाव बघत होतो. त्याच कॉम्प्युटरवर सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर आणि वेबसाइटचे पासवर्ड. रकान्यात काहीही खरडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. आणि सांगितलं तर ही खुर्ची जाणार, मग भाजलेल्या हातानं गावी जाऊन करायचं काय? रकाना कोरा ठेवला. मग भाभींना फोन लावला.

"आधी नेटची वायर काढा," त्या म्हणाल्या. "बाकीचं नंतर बोलू."

फोनवरूनच त्यांनी सगळे पासवर्ड बदलले. परतल्यावर पॅकेज उघडून वाचलं. आत पासवर्ड गोळा करून बाहेर पाठवणारी ओळ होती. एआय मनानं नावं रचतो, आणि कुणीतरी टपून बसून त्याच नावाचा माल आधीच मांडून ठेवतो, असं त्यांनी मला समजावलं. कॉम्प्युटर पुसून कोरा केला. आकड्यांचं काम त्यांनी स्वतः लिहिलं, बारा ओळींत.

वेबसाइट दोन दिवस बंद राहिली. चाचा दारात येऊन उभे राहिले.

"कुणी केलं?"

"मी केलं, चाचा."

"आन् सांगितलं कुणी?"

"तेही यांनीच," भाभी म्हणाल्या.

चाचांनी माझ्या हाताकडं बघितलं. "आमच्या पोरानं न्हाय सांगितलं असतं," म्हणाले आणि शेडकडं गेले.

भाभींनी नवा पासवर्ड कागदावर लिहून माझ्यापुढं सरकवला. "पाठ करा आणि फाडून टाका. उद्यापासून चार दिवस मी माहेरी चाललेय."