डॉक्टरांना सांगायची गोष्ट

मोठ्या आतड्यातल्या जखमांसाठी मी कित्येक वर्षं स्टेरॉइड घेत होते. चेहरा इतका सुजला होता की वारज्यातल्या शेजारणी "तब्येत मानवली हं!" म्हणायच्या. म्हणून स्टेरॉइडऐवजी एक नवं औषध चालतं का, हे पाहणाऱ्या चाचणीत मी नाव दिलं.

नवं औषध सुरू करून स्टेरॉइड कमी होत असताना एका सकाळी सासूबाईंबरोबर मंडईत गेले. मटार घेताना पोटात कळ आली आणि स्वच्छतागृह गाठायच्या आत कपडे खराब झाले. सासूबाईंनी अंगावरची शाल काढून माझ्या कमरेला गुंडाळली आणि रिक्षा थांबवली. घरापर्यंत मी मान वर केली नाही.

पुढच्या तपासणीला सासूबाईही बरोबर आल्या. डॉक्टरांनी विचारलं, "घाईत कधी कपडे खराब होतात का?" त्यांच्या शेजारी दोन शिकाऊ डॉक्टर बसले होते.

"नाही. बरं आहे," मी म्हणाले.

"अहो, लाजतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "परवाच मंडईत झालं. रक्तही पडतंय."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

"म्हणजे हे औषध तुम्हाला लागू पडत नाहीये," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तेच तर आम्हाला कळायला हवं असतं." त्यांनी मला चाचणीतून काढलं आणि स्टेरॉइड पुन्हा वाढवलं.

परतताना मी सासूबाईंशी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी मऊ भात टाकला.