मेव्हण्याने भरलेली काडतुसं

साहेबांनी विचारलं, "तुला बुलेटमधलं काही कळतं का?" आणि मी जराही न थांबता म्हणालो, "कळतं म्हणजे? नाशिकला लग्नाआधीपासून होती माझ्याकडे."

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी रास लफानच्या एका गॅस प्लांटमध्ये पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळायचो, आणि हे कतारी साहेब माझ्या वरचे.

"किक जोरात बसते?" त्यांनी विचारलं.

"विचारू नका. एकदा पाय सुजला होता."

"पाय?" त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "माझी मधेच अडकते."

"आमचीही अडकायची. ऑइल बदलून बघा."

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "शुक्रवारी रुवैसला ये. गाडी पाठवतो."

शुक्रवारी मी पान्यांची पेटी घेऊन निघालो तेव्हा बायको दारात उभी होती. "सुट्टीच्या दिवशी बोलावलंय, आणि जेवायचं नाव नाही काढलं. मला हे ठीक दिसत नाही."

उत्तरेकडच्या रुवैस गावाबाहेर साहेबांच्या मेव्हण्याचं, म्हणजे त्यांच्या बायकोच्या भावाचं, फार्म होतं. शेडमधल्या टेबलावर फडकं अंथरलेलं, आणि त्यावर एक रिव्हॉल्वर. नळी माझ्या मनगटाएवढी वाटली, पण भीतीने वस्तू मोठ्या दिसतात. "मोटारसायकल कुठेय?" असं मी विचारलं नाही, एवढीच त्या दिवसातली माझी हुशारी. साहेबांनी आपणहून परवाना काढून दाखवला. माझ्या चेहऱ्यावर तशी गरज दिसली असावी.

मेव्हणा कोपऱ्यात बसला होता. त्याने मला चहा दिला, पण नजर अशी, की हा साहेबांचा हेर. मी तो चहा जरा उशिराच प्यायलो.

साहेबांनी मला बाहेर नेऊन हळूच प्रकरण सांगितलं. दोघांची काडतुसं मेव्हणा घरीच भरायचा. पितळी नळीत दारू, वर गोळी, मग यंत्राने नळीचं तोंड गोळीभोवती आवळायचं. गेल्या वेळी क्लबात नेमबाजी होती. साहेबांचं रिव्हॉल्वर चौथ्या-पाचव्या बाराला अडकलं, काडतुसांचं चक्र फिरेना. मेव्हण्याचं मात्र सुरळीत चाललं आणि बक्षीसही त्यालाच मिळालं.

"त्याने मुद्दाम केलं असेल तर पुन्हा माझ्या घरात पाऊल ठेवू देणार नाही," साहेब म्हणाले. "हे ऐकल्यापासून बायको आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. तू मशीनवाला माणूस. सांग, मुद्दाम आहे की नाही?"

म्हणजे एक घर फुटायचं की राहायचं, हे आता पान्यांची पेटी घेऊन आलेला माणूस ठरवणार होता.

शेडमागे मातीचा उंच बांध होता. साहेबांनी त्यावर बार काढले. तिसऱ्या बारालाच माझे कान गेले. चौथ्यानंतर चक्र अडकलं. मी त्यांनाच ते मोकळं करून उरलेली काडतुसं काढायला लावली, कारण हात लावायची माझी छाती नव्हती. पेटीत बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर होता. साहेबांच्या खोक्यातली कोरी काडतुसं मोजली, सगळी सारख्या लांबीची. चक्रातून काढलेली मोजली, तर त्यांच्या गोळ्या पुढे सरकलेल्या. गोळीचं नाक चक्राबाहेर येऊन रिव्हॉल्वरच्या सांगाड्याला अडत होतं.

हे मला ओळखीचं वाटलं. आमच्याकडे पंप थरथरला की नट असेच सुटतात.

"आधी कुणी सैल केलेली नाहीत," मी साहेबांना म्हणालो. "पहिल्या बारांच्या धक्क्याने मागच्या गोळ्या निघतायत."

"पण त्याच्या का निघत नाहीत?" साहेबांनी डोळे बारीक केले. "माझी सैल आवळली असणार."

मी मेव्हण्याला त्याचा स्वतःचा डबा आणायला सांगितला. तो उठला नाही. आता मलाही शंका यायला लागली. शेवटी आतून आणून त्याने डबा माझ्यासमोर आदळला. पितळी नळ्यांची तोंडं मी भिंगातून पाहिली, व्हर्नियरने मोजली. दोघांचीही अगदी सारखी आवळलेली. ती काडतुसं साहेबांच्याच रिव्हॉल्वरमध्ये घातली. सहाही बार सुटले. आवाजही कमी.

"याच्यात दारू कमी आहे का?" मी मेव्हण्याला विचारलं.

"नेहमीची आहे," तो माझ्याशी इंग्रजीत बोलला, पण बघत साहेबांकडे होता. "याला मित्रांसमोर मोठा आवाज पाहिजे होता. वाढव म्हणाला, मी वाढवली. आवळायचं यंत्र मात्र आधीसारखंच ठेवलं, ती माझी चूक."

साहेब वाळूतल्या रिकाम्या नळ्या गोळा करायला लागले.

"म्हणजे चूक कुणाची?" त्यांनी मला विचारलं. माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच सहीने पुढे सरकणार होतं.

"धक्क्याची," मी म्हणालो. "मुद्दाम काहीच नाही."

साहेबांनी मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. "खलास. दारू पहिल्यासारखी कर." मग खिशातून फोन काढून ते लांब जाऊन कुणाशी तरी बोलले. चेहऱ्यावरून पलीकडे बायको असावी, आणि तीच जास्त बोलत असावी.

संध्याकाळी घरी आल्यावर मी सगळं रंगवून सांगितलं, कान वाजत असल्याने बहुधा ओरडूनच. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे मेव्हण्याची बाजू घेता येते तुम्हाला. परक्याच्या मेव्हण्याची का होईना."