भिंतीपलीकडचा ठेका

भिवंडीजवळच्या कोन गावच्या मारुतीच्या देवळात मी तीस वर्षं मृदंग वाजवतो आणि माझ्या लयीचा मला भारी गर्व होता. देवळाच्या भिंतीला भिंत लावून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना, सकाळपासून रात्रीपर्यंत खटाखट, खटाखट. रोज संध्याकाळी भजनाआधी हात जोडून मी एकच मागायचो, "मारुतीराया, ही कटकट एकदाची बंद कर."

गेल्या वर्षी मंदी आली आणि कारखाना खरंच बंद पडला. देवाने ऐकलं म्हणून मी पेढे वाटले. आज सांगताना लाज वाटते, पण पलीकडे तितकीच वर्षं लूम चालवणारे रशीदचाचा बेकार झाले, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या संध्याकाळी शांततेत भजन सुरू झालं आणि दुसऱ्याच कडव्याला फाटलं. टाळ पुढे, गाणारे बुवा मागे, माझा हात भलतीकडेच. आठवडाभर हेच. तेव्हा कळलं की ठेका माझा नव्हताच, तो इतकी वर्षं भिंतीपलीकडून येत होता. आमच्या भिवंडीच्या संगीताचा इतिहास कुणी लिहिलाच, तर मृदंगवादक म्हणून त्या लूमचंच नाव घालावं लागेल.

देवळाचे पंच म्हणाले, "शनवारी बगू. जमला त जमला, न्हाय त पेनड्राइव हाय." म्हणजे भजनं रेकॉर्डवर वाजणार, आमचं भजनी मंडळ मोडणार आणि तेही माझ्या हाताने. मला जेवण जाईना.

शनिवारी देऊळ भरलं. मी थाप मारली आणि पहिल्याच आवर्तनात चुकलो. डोळे मिटले. म्हटलं, "माझ्याच्यानं होत नाही रे, तूच वाजव." आणि भिंत थरथरली. खटाखट, खटाखट! टाळ जुळले, बुवांचा आवाज चढला, पंच मान डोलवू लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात आपोआप चालत होते.

आरती झाल्यावर मी पलीकडे धावलो. कारखाना विकत घ्यायला एक शेठ आला होता, त्याला दाखवण्यासाठी चाचांनी लूम सुरू केला होता. सौदा तिथेच ठरला आणि चाचांची ड्युटी परत लागली. मी त्यांचे हात धरून माझ्या जुन्या मागण्याची कबुली दिली. चाचा पोट धरून हसले.

"अरे भाऊ, हम भी तीस साल से दुआ मांगते थे, या अल्लाह, ये ढोलक बंद हो जाए!"

आता मी रोज हात जोडून म्हणतो, "चाचांचा लूम चालू दे, बाकी तुझी मर्जी." चाचा हल्ली काय मागतात, ते मात्र मी विचारत नाही.