मिरचीचे हात

काकूंनी कणकेची परात ओढून घेतली. आईचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले.

नंदुरबारजवळच्या एका मोठ्या शेतकरी घरचा भंडारा. काकू त्या घरच्या मालकीण. मी नऊ-दहा वर्षांची. आम्ही धडगावच्या डोंगरातून खाली उतरलेले भिल्ल. आई दिवसभर पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, मिरचीचे देठ खुडायची, आणि दर गुरुवारी या घरी सत्संगाची भांडी घासायची. अंगणात. त्याला सेवा म्हणत. पुऱ्या लाटणं हीसुद्धा सेवाच. पण ती आत, बायकांच्या गोलात.

आईला एकदा तरी पुऱ्या लाटायच्या होत्या. तिने विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "तुन्हा हातले मिरची शे. लोकेसनं तोंड जळी."

आईला ते खरं वाटलं.

भंडाऱ्याआधी चार दिवस ती पथारीवर गेली नाही. ताकाने हात धुवायची, खोबरेल चोळायची. मग माझ्या पापणीला बोट लावून विचारायची, झोंबतं का? पाचव्या दिवशी झोंबलं नाही. आई हसली, आणि भंडाऱ्यात आत जाऊन परातीपाशी बसली.

"ताई, देखा, आते मिरची नई शे."

काकूंनी हातांकडे पाहिलंच नाही. "तू भांडाच घस. सेवा ती सेवाच ऱ्हास."

एक बाई म्हणाली, "आज पुऱ्या, मंग प्रवचन बी हाईच करी." सगळ्या हसल्या.

आत काकूंचे यजमान, काका, प्रवचनात सांगत होते, कर्म करा, फळाची आशा धरू नका. बाहेर आई राखेने पातेली घासत होती. घरी येताना मला म्हणाली, वास राहिला असेल हातांना.

आई गेल्या वर्षी वारली. काका आमच्या दारात आले.

"तुन्ही माय निष्काम व्हती. तिले चांगला जन्म भेटी. आते गुरुवारले तू येत जाय."

"ती निष्काम नव्हती, काका. तिला पुऱ्या लाटायच्या होत्या."

"पोरी, हाई मागला जनमनं कर्म ऱ्हास."

"परात या जन्मात ओढली. काकूंनी. मी तिथे होते."

ते निघून गेले.

आशा सोडा, हे माझ्या आईला सांगणाऱ्यांनी स्वतःची साधी परातसुद्धा सोडली नाही. मी काम करीन. कुणाचंही करीन, फुकट करीन. पण उंबऱ्याच्या आत बसून, त्याच परातीत हात घालून. नाहीतर नाही.