पंपात आधी काय होतं?

आमच्या संकेतस्थळावर शेतकरी प्रश्न विचारतात आणि शेतकरीच उत्तरं देतात. नव्या माणसाचा पहिला प्रश्न नीट करून देणं हे माझं काम, बिनपगारी आणि शिव्या खाण्याचं. बोरगाव मेघेच्या घरात बसून मी रोज तेच ते सांगते: डोळ्यांना काय दिसतं ते लिहा, फोटो टाका, संशय कोणावर आहे ते लिहू नका. पण आमच्याकडचा माणूस प्रश्न विचारतच नाही, फिर्याद देतो. सल्ला मागायला जायचं ते आरोपी ठरवूनच, ही गावाची रीत.

सिंदी रेल्वेजवळ भाजीपाला पिकवणारी माझी धाकटी मावसबहीण तशीच आली. तिनं लिहिलं, "माया दिरानं धुऱ्यावर तणनाशक मारून मायी वांगी जाळली. त्याचं काय करू?" धुरा म्हणजे दोघांच्या शेतांमधला बांध. खाली दिराचं नाव आणि गाव. मी बघेपर्यंत उत्तरं आली होती. एकानं लिहिलं, हात तोडा. दुसऱ्यानं लिहिलं, त्याच्या कपाशीवर तेच मारा. स्वतःच्या वाफ्याला पाणी द्यायला उठणार नाहीत, पण दुसऱ्याच्या हातात कुऱ्हाड द्यायला मेले हजर! मी सगळं काढून टाकलं, तोवर त्या प्रश्नाचा फोटो काढून गावातल्या फोनांवर फिरला होता.

तिला समजवायला मी बसनं तिच्या शेतावर गेले. आम्ही वांग्यांचे फोटो काढत होतो, तेवढ्यात दीर धुऱ्यावरून आला. "मले साऱ्या दुनियेत बदनाम करून राह्यली काय?" म्हणत त्यानं झाडं उपटायला सुरुवात केली. बहिणीचा नवरा फावडं घेऊन धावला. मी ओरडले. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. हाडाचा आवाज मी ऐकला. दीर पाठीवर पडला, तरी हा "मायी वांगी! मायी वांगी!" ओरडत त्याच्या छातीवर लाथा घालतच राहिला. आम्ही दोघींनी त्याला केसांना धरून मागे ओढलं, तेव्हा त्यानं बहिणीच्या तोंडावर कोपर हाणलं. शेजारच्या शेतातल्या लोकांनी दिराला ऑटोत घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

बहीण ओठाचं रक्त पुसत विहिरीजवळ बसली. म्हणाली, "ताई, प्रश्न लिवू दे. आता नीट लिवीन."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण ती म्हणाली, "दिरानंच केलं असन तं पोलिसाईले दाखवता येईन. नाईतं माया नवऱ्याले जेलातच टाकतीन."

मग तिनं लिहिलं: पीक कोणतं, फवारा कशाचा मारला, पानं कधीपासून आखडली. पूर्ण वाफ्याचा फोटो टाकला. कोणाचं नाव नाही. इतका स्वच्छ प्रश्न मी बरेच दिवस वाचला नव्हता, आणि त्या क्षणी मला त्याची किळस आली.

थोड्या वेळानं एका जुन्या सभासदानं लिहिलं, "वाऱ्यानं आलं असतं तर धुऱ्याकडच्याच ओळी आखडल्या असत्या. इथे सगळ्या सारख्याच आखडल्या आहेत. किडीचं औषध मारलं, तेव्हा फवारणीच्या पंपात आधी काय होतं?"

बहिणीनं ते मोठ्यानं वाचलं. मग विहिरीपाशीच उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "विहिरीजवळचं गाजरगवत तुमी तणनाशकानं जाळलं. तोच पंप ना? धुतलता काय?"

तो विहिरीच्या काठावरच्या पंपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिवू नको. एक अक्षर लिवशीन तं तुलेई त्याच्यासारखी झोपवीन." फावडं अजून त्याच्या हातात होतं.

ती लिहीतच राहिली. "पंप आमचाच. न धुता वापरला. दिरानं काई केलं नाई. आमी त्याचं डोकं फोडलं." बटण दाबलं, फोन मातीत ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. कशीबशी मी मध्ये जाऊन उभी राहिले.

तो आमच्याकडे आलाच नाही. त्यानं फावडं टाकलं आणि पंप उचलून विहिरीच्या दगडावर आपटला. फुटला तरी आपटत राहिला, बोटं रक्ताळली तरी. मग त्या तुकड्यांत खाली बसला आणि धुऱ्याकडे तोंड करून, जेवायला बोलवावं तशा भावाला हाका मारू लागला.