जावेने काढलेला फोटो

रामदासपेठेतल्या फोटोग्राफीच्या वर्गात सर दर रविवारी आमचे फोटो पडद्यावर लावून चुका सांगत. मी नवशिकी होते. कळमन्याच्या बाजारात काढलेले माझे संत्र्यांचे फोटो त्यांनी भराभर पुढे ढकलले. "हात हललाय. मागे फार गर्दी." शेवटच्या फोटोला मात्र ते थांबले. संत्र्यांच्या ढिगाआड डबा खात बसलेली मजूर बाई, हातावर उन्हाची तिरीप. "वा! अशी नजर शिकवून येत नाही."

तो फोटो माझ्या मोठ्या जावेने काढलेला होता. ती नुसती सोबत आली होती. मी पाणी पिईपर्यंत कॅमेरा तिच्याकडे दिला होता, तेवढंच.

"तो माझा नाही, माझ्या जावेने काढलाय," मी कसंबसं सांगितलं.

"मग त्यांनाही आणा," सर म्हणाले.

घरी जाऊ पोळ्या लाटत होती. "काय म्हणले वं सर माह्या फोटोले?"

"बरा आहे म्हणाले."

तेवढ्यानेही ती खुलली, आणि माझा आणखीच जळफळाट झाला. सरांचा निरोप मी तीन आठवडे दाबून ठेवला. अखेर सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "मले कुठं जमते वं रविवारी? तूच शीक."

मी तिला आग्रह केला नाही.