एकटा नसलेला देव

बोदवड स्टेशनच्या बाकावर दर रविवारी सकाळी आबा भेटत. मी आईला भेटायला जळगावला जाई, ते चर्चला. मूळचे धुळ्याकडचे, नोकरीमुळे बोदवडला राहिलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर जाड पुस्तक आणि पान उलटण्याआधी बोट कपाळाला टेकवायची सवय. पूर्वी त्यांच्या घरी सात कुटुंबं प्रार्थनेला जमत. बाकीची सहा गाव सोडून गेली, मग पत्नीही वारली.

मी आकडेमोडीचा माणूस. एकदा विचारलं, “आबा, बाप, पुत्र, पवित्र आत्मा, हे तीन झाले. मग देव एक कसा?”

“भाऊ, तुम्ही बेरीज करता,” ते हसले. “जग नव्हतं तेव्हाही देव प्रेमच होता ना? मग प्रेम करायला त्याच्यातच कोणी हवं. तो कधी एकटा नव्हताच.”

मी बोलून गेलो, “मग एकटं राहणं काय असतं, हे त्याला ठाऊकच नसेल.”

त्यांचा चेहरा उतरला. जळगाव येईपर्यंत त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

पुढच्या रविवारी मला पाहताच ते बाकावरून उठले. “क्रुसावरून पुत्रानं बापाला हाक मारली, भाऊ, आणि उत्तर आलं नाही. त्या दुपारी एकटेपण देवाच्या घरातच शिरलं. त्याला ठाऊक शे!”

“हे कोणी सांगितलं, आबा?”

“कोण सांगणार? बठ्ठा आठवडा घरात मी आन् तुमचा प्रश्न, दोघंच होतो.”